चाखणाऱ्याचा भुईआवळा

१८ जानेवारी

चि. खुरपीबाईस,

पिवळ्या मामाचे पांढऱ्या कागदावरून आशीर्वाद. आता तसा पिवळा राहिलो नाही म्हणा. डोळे बरेच निवळलेत, आणि आरशात बघितलं की स्वतःची ओळख पटते. पत्र बघून घाबरू नकोस. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर बोललं की तुझ्या मामीला ते स्वयंपाकघरात ऐकू जातं. काविळीने माणूस बारीक होतो, आवाज काही बारीक होत नाही, निदान माझा तरी. म्हणून ती बाजारात गेली की लिहायला बसायचं आणि ती यायच्या आत पाकीट पेटीत टाकायचं, असा बेत आहे.

तर ऐक. डॉक्टरीणबाई म्हणतात, यकृताला आलेली सूज उतरते आहे. पडून राहा, तेल-तूप बंद, रक्त तपासायला वेळेवर या. हे सगळं मी गरिबासारखं पाळतो. पण एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. माझी जीभ गेली आहे.

म्हणजे आहे जागेवर, बोलतेही भरपूर. पण तिला काही लागत नाही. गोड, खारट, आंबट, सगळं कोमट पाण्यासारखं. तुझा मामा आयुष्यभर चहा चाखत आला. कंपनीत मला माणूस म्हणून कोणी ओळखत नाही, जीभ म्हणून ओळखतात. एप्रिलात नव्या हंगामाचा चहा येतो. लांबलचक टेबलावर कप मांडतात आणि पहिला चमचा माझा असतो. माझ्यामागून धाकटी चाखते. धाकटी म्हणजे आमच्या खोलीतली दुसरी चाखणारी, हुशार पोरगी आहे, मीच शिकवलेली. त्या दिवशी चमचा तोंडात गेला आणि काहीच लागलं नाही, तर? आमचे मॅनेजर फार सभ्य आहेत. ते सभ्यपणे मला गोदामात बसवतील, खोक्यांवर शिक्के मारायला. टेबलावरची जागा गेली तर मी घरी बसून काय करणार, ते मला ठाऊक नाही. खरं सांगतो, भीती वाटते.

हे मामीलासुद्धा माहीत नाही. ती पानात जे वाढेल त्याला मी ‘वा, झकास’ म्हणतो.

आता तुझ्याकडे काम. लहानपणी मला कावीळ झाली होती तेव्हा आमच्या आईने भुईआवळा वाटून दिला होता. तुझ्या आईने माझ्या वाटीतला रस चोरून प्यायला आणि दिवसभर तोंड वाकडं करून घरभर फिरली. इतकी कडू चव मी पुन्हा कधी घेतली नाही. माझा विचार असा की इतकी वर्षं जी चव विसरलो नाही, ती तरी या जिभेला कळेल. यकृताला बरा म्हणतातच. एका दगडात दोन पक्षी मारायचे आहेत. तुमच्या नर्सरीत मिळतो का बघ.

तुझा बेचव मामा

२६ जानेवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार, वाकून. (वाकलेलीच असते मी, तण उपटत.)

भुईआवळा मिळतो का म्हणून विचारता? मामा, मी दुसरं काय करते? गुलाबाच्या कुंडीत तो, लिंबाच्या रोपाशी तो, पिशवीच्या खालच्या भोकातून डोकं काढून बघतो तोही तोच. इथे रोज पाणी पडतं त्यामुळे त्याला बारा महिने सुकाळ. आमच्या मालकीणबाई त्याला ‘भाडं न देणारा’ म्हणतात. तुमच्यासाठी म्हणून गेल्या आठवड्यात तो मी पहिल्यांदा हळुवार उपटला, मुळासकट. मागच्या शेडमध्ये सावलीत वाळवला आणि पुडी सोबत पाठवते आहे.

ओळख सांगते, म्हणजे बघितल्यावर मन निवांत होईल. वीतभर उंचीचं झाड, पानं आवळ्यासारखी बारीक, दोन्ही बाजूंना ओळीने लागलेली. गंमत पानाच्या खाली. दांडी उलटी केलीत की मोहरीपेक्षा जरा मोठ्या हिरव्या गोळ्या एका ओळीत लटकलेल्या दिसतात. वरून बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

उपयोगांचं म्हणाल तर जुनी माणसं काविळीत मूळ, खोड, पान, फळ असं सगळं झाड वाटून त्याचा रस दुधातून किंवा ताकातून रिकाम्या पोटी देतात. जेवणावरची वासना उडाली, जेवल्यावर छातीशी जळजळलं, पोट फुगलं, तापानंतर तोंड कडू झालं की याचा काढा देतात. कडू असतो म्हणून पित्ताला बरा आणि थंड असतो म्हणून यकृताला, असं मालकीणबाईंच्या सासूबाई सांगतात. त्या स्वतः रोज सकाळी घेतात आणि सगळ्या घरादाराला पुरून उरतील अशा आहेत. पण मामा, मी झाडांची माणूस आहे, माणसांची नाही. याने कावीळ जाते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून दोन अटी. एक, डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. दोन, त्यांची औषधं बंद करायची नाहीत. या अटी मोडल्यात तर मी मामीला फोन करून सगळं सांगेन, आणि माझा आवाजही काही बारीक नाही.

त्या हो म्हणाल्या तर चिमूटभर भुईआवळा कपभर पाण्यात उकळून निम्मा आटवा आणि सकाळी घ्या. चव कशी लागते ते मात्र मला कळवा. मी इतका उपटलाय, पण चाखला कधीच नाही.

तुमची खुरपीबाई

८ फेब्रुवारी

चि. खुरपीबाई,

डॉक्टरीणबाईंनी पुडी नाकाशी नेली, भिंगाखाली धरली आणि म्हणाल्या, “थोडा घ्यायला हरकत नाही. पण रक्त तपासायचं चुकवलंत तर मी बोलणार नाही तुमच्याशी. आणि बरे झालात की थोडं श्रेय मलाही राहू द्या.” बाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत. मी त्यांना जिभेचं सांगणार होतो, पण मागे रांग होती आणि धीर झाला नाही.

घरी आल्यावर कपाटावरून माझा जुना संच काढला. झाकणाचे पांढरे कप, पांढरे वाडगे, लांब दांड्याचा चमचा. तू म्हणालीस तसा आधी आटवून घेतो, पण मग रीतीप्रमाणे झाकून ठेवतो, वाडग्यात ओततो आणि रंग उजेडात बघतो. नळाशेजारच्या खिडकीत सकाळी उजेड छान येतो, म्हणून तिथेच ठाण मांडलंय. काम करायचं तर नीट करायचं. मामी विचारत होती हे काय चाललंय. म्हटलं, तोंडाला चव यावी म्हणून भाचीने पाठवलंय. ती ‘बरं’ म्हणाली आणि जास्त चौकशी न करता निघून गेली. मला जरा आश्चर्य वाटलं.

पहिले काही दिवस काहीच नाही. चमचा भरून फुर्रकन ओढायचा, टाळूवर आपटायचा, गालांत फिरवायचा, आणि नुसतं गरम पाणी. एक दिवस तर वाडगा फेकून द्यावासा वाटला. आमच्या आईचा तो जहर कडू रस, आणि तोही मला लागू नये? मी खिडकीत उभा राहून खालच्या रस्त्यावरची माणसं बघत बसलो. प्रत्येकाच्या तोंडात जीभ होती.

आणि मग काल. चमचा ओढला आणि जिभेच्या पार मागे, घशाच्या तोंडाशी, काहीतरी ओढल्यासारखं झालं. पुन्हा ओढला. कडू. बारीकसा, पण कडूच. मी इतका खूश झालो की कडू तोंडाने हसलो.

तुला चव हवी होती ना, घे तर. रंग फिका, किंचित हिरवट. वास ओल्या गवताचा. तोंडात शिरताना काही नाही, मग मागून कडू, मग गालांना जरा आवळून धरणारं. अंग, म्हणजे तोंडातला दाटपणा, हलकं. चहा म्हणून आला असता तर परत पाठवला असता.

शिवाय भूक लागते आहे. तुझा भुईआवळा कामाला लागलेला दिसतो. आणखी पाठव.

तुझा मामा

१५ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र मी शेडमध्ये उभ्याने वाचलं आणि मग मालकीणबाईंना वाचून दाखवलं. (जिभेचा भाग गाळून. माझ्या पोटात गोष्ट राहते, आईवर गेलेली नाही.) त्या एकदम उठल्या. ज्याला इतकी वर्षं कचऱ्याच्या ढिगात टाकलं, त्याची कुंडी करून विकावी असं त्यांच्या मनात आलं आहे. तुळस, कोरफड, गवती चहा असा एक औषधी बाक मांडायचा आणि त्यावर भुईआवळ्याला पहिली जागा. त्यांचं म्हणणं, चहा चाखणाऱ्या माणसाने काढा घेऊन गुण आल्याचं दोन ओळीत लिहून दिलं तर बाकावर लावता येईल. लिहाल का? तुमचं नाव येणार नाही.

दुसरी पुडी पाठवते आहे. या वेळी जरा घाई झाली. एका मोठ्या बागेची रोपं पाठवायची होती, म्हणून बाकांखालचं सगळं एकाच दिवशी उपटून वाळवलं. पण भरपूर आहे, पुरेल.

मला तुमची फार काळजी वाटत होती, मामा. मागच्या पत्रानंतर जिवात जीव आला.

खुरपीबाई

१ मार्च

चि. खुरपीबाई,

आधी मालकीणबाईंसाठी मजकूर. नीट अक्षरात उतरवून घे.

‘मला कावीळ झाली असता मी या नर्सरीतील भुईआवळ्याचा काढा नियमाने घेतला. त्यामुळे माझे यकृत पूर्वपदावर येऊन अन्न गोड लागू लागले. गरजूंनी लाभ घ्यावा. एक अनुभवी चाखणारा.’

कसं वाटतं? ‘पूर्वपदावर’ हा शब्द मला आवडला. रक्ताचा नवा कागद खरंच चांगला आला आहे, त्यामुळे यात खोटं काही नाही.

आता तक्रार. तुझी दुसरी पुडी. तू माझी सख्खी भाची नसतीस तर मी हा माल टेबलावरून उचलून परत केला असता. पहिल्या पुडीचा काढा मागून कडू होता, सावकाश येणारा, सभ्य. या दुसऱ्याला मध्येच एक खरखरीत कड आहे. जिभेच्या टोकाला बोचतं, आणि कडूपणा यायच्या आधीच काहीतरी भलतंच, चिकट, कच्च्या रबरासारखं पुढे घुसतं. मी तीन वाडगे शेजारी शेजारी मांडून पाहिले. पहिल्या पुडीतला थोडा उरला होता, त्यातला चिमूटभर एकात, नव्या पुडीचा वरचा भाग दुसऱ्यात, तळाचा तिसऱ्यात. वरचा ठीक आहे. तळाचा भुईआवळा नाहीच. कोणीतरी दुसराच पाहुणा त्याच्या पंगतीत येऊन बसला आहे. घाई झाली म्हणालीस, ती लागली बघ तोंडाला.

तरी टाकून कशाला द्यायचं म्हणून घेतो आहे रोज. पण पुढच्या वेळी निवडून पाठव. तुझ्या हाताखाली कोणी असेल त्याला दोन शब्द ऐकव.

तुझा मामा

५ मार्च

मामा,

तो काढा ताबडतोब बंद करा. हे वाचत असताना समोर वाडगा असेल तर आधी ओतून या, मग पुढे वाचा.

हाताखाली कोणी नाही, मीच ती. तुमचं पत्र आल्यावर उरलेला ढीग चटईवर पसरून एक एक काडी बघितली. बाकांखाली आणखी एक तण येतं, जमिनीलगतचं, बारीक पानांचं. ताजं असताना त्याची काडी मोडली की पांढरा चीक येतो, त्यावरून कोणीही ओळखेल. पण वाळल्यावर चीक दिसत नाही आणि दोन्हींचा चुरा सारखाच दिसतो. ते पोटात गेलं की मळमळतं, उलट्या होतात, पोट बिघडतं, आणि तुमचं यकृत तर आत्ताच कुठे सावरतंय. मी इतरांना कुंडीतलं तण बघताक्षणी ओळखून दाखवते आणि स्वतःच्या मामाला हे पाठवलं.

आजच डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सगळं सांगा. मळमळतं का, पोट दुखतं का, ते लगेच कळवा. फोन लावला होता, पण तुमचा लागत नाही आणि मामीचा बंद आहे. म्हणून पत्रच तातडीच्या टपालाने पाठवते आहे.

मला क्षमा करा.

खुरपीबाई

७ मार्च

लाडक्या भाचीस मामीचे आशीर्वाद.

तुझं पत्र मीच फोडलं. पाकिटावर ‘तातडीचे’ लिहून खाली रेघांवर रेघा ओढल्यास, मग कोण गप्प बसेल? हे रक्त तपासायला गेलेत. माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला होता, तो तांदळात ठेवलाय. ह्यांचा कुठे असतो ते ह्यांनाच माहीत नसतं.

तू कशाला एवढी घाबरलीस? ह्यांच्या पोटाला काही झालेलं नाही. काल भात दोनदा मागून घेतला. तुझ्या पत्रानंतर मी डॉक्टरीणबाईंना शेजारणीच्या फोनवरून विचारलंसुद्धा, आणि त्या म्हणाल्या, आज आलेच आहेत तर बघते, पण लक्षणं नाहीत तर चिंता नको. मला मात्र एक कळलं नाही. गुळण्यांच्या औषधाने पोट कसं बिघडेल?

गुळण्याच करतात ना ते? रोज सकाळी त्या खिडकीत उभे राहतात, चमच्याने फुर्र फुर्र ओढतात, इतक्या जोरात की शेजारीण विचारून गेली तुमचा नळ बिघडलाय का. मग तोंडात फिरवून पचकन बेसिनमध्ये टाकतात. एक थेंब आत जात नाही. मी समोर उभी राहून बघितलंय. बेसिन हिरवट झालंय ते वेगळंच, आणि ते घासायचं माझ्याच वाट्याला.

आता तुला म्हणून सांगते, ह्यांना कळू देऊ नकोस. जानेवारीत एकदा माझ्याकडून भाजीत मीठ घालायचं राहिलं. हे म्हणाले, ‘वा, झकास’. मी चाखली तर अळणी. दुसऱ्या दिवशी मुद्दाम घातलं नाही, तरी झकास. तेव्हा मला काय समजायचं ते समजलं. फार रडू आलं गं. पण ह्यांनी सांगितलं नाही म्हणून मीही विचारलं नाही. ज्या गोष्टीवर माणूस उभा आहे तीच गेली, तर तो बायकोला कोणत्या तोंडाने सांगेल? तुम्हा दोघांची पत्रं चालली होती तेही मला माहीत होतं. मी मुद्दाम बाजारात जास्त वेळ काढायचे. तुझ्या मामांना लिहायला वेळ लागतो.

गेल्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाले, “आज मीठ जरा कमी आहे का गं?” मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मग मिठाची वाटी घेऊन बाहेर आले.

तू आता शांत हो आणि जेवून घे.

तुझी मामी

१२ मार्च

तीर्थरूप मामा,

मामीचं पत्र आलं. त्यावरून कळलं की तुम्ही माझा भुईआवळा थुंकता.

पहिल्या दिवसापासून, मामा. चमचा, वाडगा, फुर्र आणि बेसिन. मी ‘घ्या’ म्हणाले, तुम्ही चाखलात. गिळायचं असतं हे तुम्हाला सांगायला हवं होतं, हे माझ्या लक्षात कसं येणार? औषध गिळायचं असतं हे तान्ह्या मुलालाही कळतं. मी शेडमध्ये एकटीच इतकी हसले की मालकीणबाई धावत आल्या. त्यांना सांगितलं तर त्या हसत हसत उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसल्या आणि कुंडी फुटली.

तर आता हिशेब मांडू. भुईआवळा तुमच्या यकृतापर्यंत पोचलाच नाही. यकृत सावरलं ते डॉक्टरीणबाईंच्या औषधाने, पडून राहिल्याने आणि मामीच्या स्वयंपाकाने. तुमचं ते ‘पूर्वपदावर’ मी फाडून टाकलं आहे. भुईआवळ्यात गुण नाही असं मी म्हणत नाही, त्याला बिचाऱ्याला संधीच मिळाली नाही. आणि माझं ते चिकाचं तणही पोचलं नाही. तुमच्या खोडीने तुम्हाला वाचवलं आणि मलाही. मामीचं पत्र आल्यापासून मला नीट झोप लागते.

आणि मुख्य गोष्ट. तुम्ही रागाच्या भरात लिहिलंत म्हणून तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. मला, रोज हेच बघणारीला, डोळ्यांनी कळलं नाही ते तुम्हाला जिभेने कळलं. पुडीचा वरचा भाग वेगळा, तळाचा वेगळा, इथपर्यंत. मामा, जीभ आली. आता मॅनेजरांना सगळं सांगून टाका आणि ताठ मानेने टेबलाशी जा.

खुरपीबाई

२१ मार्च

चि. खुरपीबाई,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रुसलो होतो. कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून सोडून दिलं.

त्यात चूक काय झाली ते आता उमगलं. कान असलेला साधा कप हातात असला की मी चारचौघांसारखा पितो. पण वाडगा आणि चमचा आला की तोंडाला वाटतं, ड्यूटी सुरू झाली. मामी काल समोर उभी राहिली आणि म्हणाली, “गिळा बघू.” पहिल्या पुडीची शेवटची चिमूट होती. चमचा ओढला, फिरवला, आणि घसा बंद. मामी म्हणाली, “अहो, गिळा.” मी डोळे मिटले, जोर केला, आणि टाकला बेसिनमध्ये. मग तिने तोच काढा चहाच्या कपात ओतून दिला तर गटागटा प्यायलो. तुझ्या आईने वाकडं केलं होतं तसंच तोंड झालं.

तुझं म्हणणं मात्र मला पूर्ण पटत नाही. चिकाचं तण आणि भुईआवळा यांतला फरक गाढवालाही कळेल. शेजारशेजारच्या दोन मळ्यांचा कोवळा चहा ओळखणं निराळं. तिथे चुकलो तर सगळ्यांसमोर चुकेन. मॅनेजरांना सांगायचं म्हणतेस, पण पाय उचलत नाही. कामावर जायला लागलो आहे, सध्या मागच्या वर्षीचा उरलेला चहा चाखतो, त्यात कोणाची परीक्षा होत नाही.

तुझा मामा

११ एप्रिल

चि. खुरपीबाई,

जागा राहिली. हे आधी लिहितो म्हणजे तू पानं उलटत बसणार नाहीस.

त्या दिवशी सकाळी निघताना मामी म्हणाली, “तुम्हाला लागत नव्हतं ते मला माहीत होतं. आता जे लागेल ते सांगा, आणि नाही लागलं तर नाही म्हणून सांगा.” एवढंच. मी चपला घालायचं विसरून तिच्याकडे बघत राहिलो. इतके दिवस मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून. खाली रस्त्यावर आल्यावर मला फार हलकं वाटलं. जे घरात लपलं नाही ते कंपनीत कशाला लपवायचं, असं म्हणून मी सरळ मॅनेजरांच्या खोलीत गेलो.

म्हटलं, “साहेब, दोन महिने मला काही लागत नव्हतं. आता लागतं आहे असं वाटतं. पण माझ्यावर विसंबू नका. धाकटीला वेगळं लिहू द्या, आणि आमचं जुळलं नाही तर तिचं धरा.” त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, “तुम्ही जानेवारीतच सांगायला हवं होतं.” मी म्हटलं, हो. ते म्हणाले, “चला, पाणी उकळलंय.”

टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कप होते. आमची बहुतेक उत्तरं जुळली. एका ठिकाणी मी चुकलो, जुन्या झाडांचा चहा नव्यांचा समजलो, आणि तिचं धरलं गेलं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट बरं वाटलं, पोरगी चांगली तयार झाली आहे. पुढच्या हंगामापासून पहिला चमचा आम्ही आलटून पालटून घ्यायचा असं ठरलं आहे, आणि ते मीच सुचवलं.

पण तुला सांगायचं आहे ते पहिल्या कपाचं. सगळे उभे होते. धाकटी माझ्या शेजारी, थुंकीचं भांडं हातात धरून, पुढे सरकवायला तयार. चमचा बुडवला आणि मी ओढला. आधी काही नाही, आणि मला वाटलं संपलं सगळं. मग चहा आला. कोवळा, उन्हाचा, जरासा फुलांचा, गालांना हळूच धरणारा, आणि मागे कितीतरी वेळ रेंगाळणारा. सगळं जसंच्या तसं होतं. मला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू आलं.

धाकटीने भांडं पुढे सरकवलं. मी मान हलवली.

ती घाबरून म्हणाली, “साहेब, काय झालं? लागला नाही?”

म्हटलं, “गिळला.”

सगळे माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्या टेबलाशी मी एक थेंब गिळलेला नव्हता. मॅनेजरांनी वहीत बघितलं आणि विचारलं, “मग काय लिहू?”

मी म्हटलं, “उत्तम लिहा.” मग डोळे पुसले, दुसरा कप ओढला, आणि तो रीतसर थुंकला.

तुझा मामा